शाळा सुटल्यानंतरचे तास : मुलांचे वर्तन आणि आपली जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाची आभारी आहे. शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंत मुलांना सांभाळण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा. विषय देताना विश्वस्तांनी मोकळेपणाने सांगितले की, सभागृहाच्या तळमजल्यावर आपल्या परिसरातील मुलांसाठी असे केंद्र सुरू करण्याचा विचार आहे. मात्र ‘तीस मुले एकत्र जमली की त्यांना आवरायचे कोणी आणि कसे?’ या प्रश्नापाशी चर्चा थांबते. नियमावलीचा एक कच्चा मसुदाही मला वाचावयास मिळाला. त्यात एक कलम असे आहे की, एखाद्या मुलाविषयी तीन तक्रारी आल्यास त्याचा प्रवेश रद्द करण्यात येईल. आजचे माझे बोलणे प्रामुख्याने या एका कलमाविषयी आहे, असे समजण्यास हरकत नाही.

प्रथम गरजेविषयी थोडे बोलते. पन्नास वर्षांपूर्वी मूल शाळेतून घरी येई, तेव्हा घरात आजी असे, काकू असे, शेजारचे दार उघडे असे. दुकान घराखालीच असल्याने वडीलही हाकेच्या अंतरावर असत. आज आई नोकरीला जाते, वडील दूरच्या कचेरीत, आजी-आजोबा गावी. आणि सकाळच्या सत्रातील शाळा दुपारी एकच्या सुमारास सुटते. एकपासून सातपर्यंतच्या या सहा तासांची तजवीज कायद्यानेही पुरतेपणी केलेली नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली; केंद्र शासनाची पाळणा योजना सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांसाठी आहे. दोन्हींची दृष्टी लहान बाळांकडे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाने दुपारी कुठे जावे, याचे उत्तर कुटुंबाला स्वतःच शोधावे लागते. बहुतेक वेळा ते उत्तर म्हणजे गळ्यात अडकवलेली किल्ली आणि हातातला मोबाईल. त्यामुळे संस्थेने हे काम हाती घेण्याचे ठरविले तर ते निकडीचे काम ठरेल, यात शंका नाही.

आता मुलांच्या वर्तनाकडे वळू. केंद्राच्या दारात येणारे मूल कसे असते, ते पाहा. पाच-सहा तास ते बाकावर बसून आलेले असते. हात वर केल्याशिवाय बोलायचे नाही, रांग मोडायची नाही, या बंधनात त्याने स्वतःला आवरून धरलेले असते. डबा केव्हाच संपलेला असतो. अशा भुकेल्या, दमलेल्या मुलाला आपण दारातच विचारतो, ‘आज किती गुण मिळाले? वही पूर्ण केलीस का?’ आणि ते दप्तर फेकते, धाकट्याला ढकलते किंवा विनाकारण रडू लागते. शाळेतून ‘अतिशय शांत मूल’ असा शेरा घेऊन आलेले मूल केंद्रात दंगा करते, याचे पालकांना आश्चर्य वाटते. त्यात आश्चर्य काही नाही. दिवसभर ताणून धरलेली दोरी इथे सैल होते, एवढेच.

म्हणून पहिल्या अर्ध्या तासात कोणताही प्रश्न नको, गृहपाठ नको. हातपाय धुणे, पाणी पिणे, पोटभर खाणे आणि मग धावणे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान साठ मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल आवश्यक मानली आहे. शाळेत ती क्वचितच होते. केंद्रात ती झालीच पाहिजे. खाण्याच्या बाबतीत आपल्या समाजापुरती एक विशेष गोष्ट सांगते. अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम आहे. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि आई सात वाजता येते. अशा मुलाचे जेवण केंद्रातच व्हावे लागेल. ती व्यवस्था केली नाही, तर ते मूल रोज संध्याकाळी भुकेलेले राहील आणि त्याची चिडचिड आपण ‘वाईट वळण’ म्हणून वहीत नोंदवू.

वर्तनाचा पुष्कळसा भाग जागेने आणि वेळापत्रकाने ठरतो, ही गोष्ट बालशिक्षणाच्या इतिहासात फार पूर्वी दिसून आली. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्याचे कारण मोठे व्यावहारिक होते. आईवडील कामावर गेल्यानंतर लहान मुले इमारतीत मोकाट फिरत आणि भिंती-जिने खराब करीत. तेव्हा इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या संस्थेने या मुलांना एका खोलीत सांभाळण्याची योजना केली आणि ते काम माँटेसरींकडे सोपविले. त्यांनी मुलांना हाताळता येईल असे साहित्य दिले, त्यांच्या उंचीची मांडणी केली आणि काम निवडण्याची मोकळीक दिली. भिंती खरवडणारी तीच मुले तासन्‌तास कामात रमू लागली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात याच विचाराला आपल्या मातीचे रूप दिले. गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मूल व्यवस्थेत बसत नसेल, तर आधी व्यवस्था तपासून पाहावी, हा धडा या दोघींच्या कामातून मिळतो.

आपल्या तळमजल्याकडे या दृष्टीने पाहू. लांबलचक, रिकामे, गुळगुळीत फरशीचे सभागृह मुलाला ‘धाव’ असेच सांगते. तिथे ‘धावू नका’ अशी पाटी लावणे व्यर्थ आहे. त्याच जागेत सतरंज्या, कपाटे आणि बुटकी मेजे मांडून चार कोपरे करावेत. एक वाचनाचा, एक चित्रांचा आणि हस्तकलेचा, एक कॅरम-बुद्धिबळाचा आणि एक अगदी शांत, ज्यात दमलेल्या मुलाला नुसते पडून राहता येईल. धावण्यासाठी अंगण आहे. तिथे लंगडी, लगोरी, खो-खो होऊ द्या. भांडणे बहुधा कामातून कामाकडे जाताना, म्हणजे रांगेत ताटकळताना किंवा खेळ अचानक थांबवल्यावर होतात. म्हणून खेळ संपण्यापूर्वी पाच मिनिटे आधी सूचना द्यावी आणि हात धुण्यासाठी तीस मुलांची रांग न लावता सहा-सहा जणांना बोलवावे.

मुलांना शांत करण्यासाठी ओरडण्याहून मोठे साधन आपल्याजवळ आहे, ते म्हणजे गोष्ट. भावनगरचे थोर बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गाला शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच गोंगाट करणारा वर्ग कान टवकारून बसतो. केंद्रात दररोज ठराविक वेळी वीस मिनिटे गोष्ट सांगितली जावी. तिची वेळ ठरलेली असेल, तर मुले ती वेळ स्वतःच राखू लागतात.

आता धाकाविषयी. ‘एखादी कडक बाई नेमा, म्हणजे सारे सुरळीत चालेल,’ असे सुचविणारे हितचिंतक प्रत्येक संस्थेत असतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. तो शाळा सुटल्यानंतर भरणाऱ्या मुलांच्या मंडळांवरच झाला आहे, म्हणून आपल्याला विशेष उपयोगी आहे. १९३८ च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा येथे कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी दहा वर्षांच्या मुलांची छंदमंडळे तयार केली. प्रत्येक मंडळात पाच मुले होती. एका पद्धतीत मोठा माणूस प्रत्येक पायरी हुकमाने ठरवी. दुसऱ्या पद्धतीत तो मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी. तिसऱ्या पद्धतीत तो सर्व काही मुलांवर सोडून अलिप्त राही. काही आठवड्यांनी पद्धत बदलली जाई, त्यामुळे तीच मुले वेगवेगळ्या वातावरणात कशी वागतात ते पाहता आले.

हुकमाच्या मंडळात नेता समोर असताना काम भरपूर होई, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो खोलीबाहेर गेला की ते काम एकदम घसरे. विचारविनिमयाच्या मंडळात नेता बाहेर गेला तरी काम जवळजवळ तसेच चालू राही. हुकमाखाली बहुतेक मंडळे मलूल आणि निमूट झाली, तर एक आक्रमक झाले. आणि निमूट मुलांवरचा दाब कमी होताच त्यांचा दडलेला दंगा उफाळून आला. लिपिट यांच्या त्याआधीच्या प्रयोगात तर हुकमाच्या मंडळातील मुलांनी आपल्यातल्याच एकाला लक्ष्य केले आणि अखेर त्याने मंडळात येणेच सोडले. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा. ‘सर्वांना त्रास देणारे एक मूल’ कधी कधी त्या खोलीतील वातावरणानेच घडविलेले असते. त्याचबरोबर, ज्या मंडळांत सारे काही मुलांवर सोडले होते, तिथेही ना धड काम झाले ना समाधान. तेव्हा धाक नको याचा अर्थ लगाम नको असा कोणी घेऊ नये.

हा लगाम म्हणजे मोजके नियम. चार-पाच पुरेत, आणि ते पहिल्या आठवड्यात मुलांना बरोबर घेऊन ठरवावेत. ‘मारू नका, ओरडू नका, फेकू नका’ अशी नकारांची यादी करण्याऐवजी ‘हात स्वतःजवळ ठेवू’, ‘वस्तू जागेवर ठेवू’, ‘बाहेर जाताना ताईंना सांगू’ असे स्पष्ट शब्द असावेत. चुकीचा परिणाम चुकीशी जोडलेला असावा. पाणी सांडले तर पुसावे. पुस्तक फाडले तर बसून चिकटवावे. खेळात दांडगाई केली तर तो डाव बाहेर बसून पाहावा आणि पुढच्या डावात पुन्हा यावे. पाणी सांडले म्हणून खाऊ बंद, या शिक्षेचा अर्थ मुलाला लागत नाही. त्याला एवढेच कळते की, मोठ्यांच्या हाती बळ आहे.

तितकेच महत्त्व लक्ष देण्याला आहे. तीस मुलांत जे मूल निमूट चित्र काढते, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जे रंगपेटी उधळते, त्याच्याकडे दोन्ही ताई धावतात. मग मुलाने काय शिकावे? चांगले वागणे दिसताच ते नेमक्या शब्दांत सांगावे. ‘शहाणा मुलगा’ एवढे म्हणून भागत नाही. ‘धाकट्याला तू आधी खेळू दिलेस, ते मी पाहिले,’ असे सांगावे. केवळ लक्ष वेधण्यासाठी केलेल्या निरुपद्रवी खोडीकडे काणाडोळा करावा. असे करू लागल्यावर पहिले काही दिवस खोड्या कमी होण्याऐवजी वाढतात. कारण मूल आपला जुना उपाय अधिक जोराने करून पाहते. नेमक्या याच वेळी ताई हरली आणि ओरडली, तर मुलाला अधिक मोठ्या खोडीचे मोल कळते. म्हणून सर्व ताईंचे आधी एकमत हवे. जिथे कोणाला इजा होऊ शकते, तिथे मात्र काणाडोळा नाही. जवळ जावे, हात धरून थांबवावे, आणि हळू आवाजात, मोजक्या शब्दांत बोलावे.

आता त्या तीन तक्रारींच्या कलमाकडे येते. रुडॉल्फ ड्रायकर्स (१८९७-१९७२) या मूळच्या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञांनी मुलांच्या त्रासदायक वागण्यामागे चार हेतू सांगितले. लक्ष मिळविणे, स्वतःची सत्ता दाखविणे, दुखावल्याचा सूड घेणे आणि ‘मला जमणारच नाही’ म्हणून अंग काढून घेणे. चौघांच्या तक्रारी वहीत सारख्याच दिसतात, ‘ऐकत नाही.’ उपाय मात्र चार निरनिराळे आहेत. म्हणून तक्रारींची संख्या मोजण्याआधी त्यांचे स्वरूप पाहावयास हवे.

याचे एक उदाहरण देते. एका केंद्रात आठ वर्षांचा एक मुलगा इतरांना मारीत असे. त्याला काढून टाकावे, असा अर्ज पालकांनी दिला. ताईंनी दोन आठवडे एक साधी वही ठेवली. प्रत्येक वेळी काय घडले, किती वाजता, कुठे, त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले. वही वाचली तेव्हा दिसले की, सकाळच्या किंवा दुपारच्या वेळी त्याची तक्रार जवळजवळ नाहीच. सारी मारामारी साडेसहानंतरची, एकेका मुलाचे पालक येऊन ती घरी जाऊ लागत तेव्हाची. याची आई सर्वांत शेवटी येई, आणि नेमकी केव्हा येईल ते त्याला ठाऊक नसे. निघणाऱ्या मुलाला हा धक्का देई. यावर तीन गोष्टी ठरल्या. उशीर होणार असेल तर आईने सहा वाजता दूरध्वनी करून त्याच्याशी बोलावे. साडेसहाला खेळांचे कपाट लावण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. आणि त्या वेळी एक ताई दाराजवळच थांबावी. मारामारी एका दिवसात थांबली नाही. मधल्या काळात दोनदा पुन्हा तक्रार आली. पण ती कमी होत गेली आणि तो मुलगा केंद्रात टिकला. तीन तक्रारींचे कलम असते, तर तो पहिल्याच आठवड्यात बाहेर पडला असता आणि संध्याकाळी बंद घरात एकटा बसला असता. ज्याला सोबतीची सर्वाधिक गरज होती, त्याचीच सोबत आपण काढून घेतली असती.

इथे आपल्यापैकी काही पालक विचारतील, ‘आणि ज्याला मार बसतो, त्या आमच्या मुलाचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून चालणार नाही. मार खाणाऱ्या मुलाचे रक्षण हे केंद्राचे पहिले कर्तव्य आहे. घटना घडली त्याच संध्याकाळी त्याच्या पालकांना ती खरीखरी सांगितली पाहिजे. दोन मुलांना वेगळे ठेवावे लागले तर ठेवावे, एक ताई अधिक लागली तर नेमावी. मारणाऱ्या मुलाकडून सर्वांसमोर जबरदस्तीने क्षमा मागवून घेऊ नये. क्षमेचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. ती मनातून यावी लागते, हेही आपण जाणतो. दोघे शांत झाल्यावर ‘त्याला बरे वाटावे म्हणून तू आता काय करशील?’ असे विचारले, तर मुले स्वतःच मार्ग काढतात. आणि काही वेळा वागण्याचे मूळ आपल्या आवाक्याबाहेरचे असते. कमी ऐकू येणे, नीट न दिसणे, वाचनातील अडचण, अतिचंचलता, घरातील कलह. तशी शंका आली तर पालकांना विश्वासात घेऊन तज्ज्ञांकडे जाण्यास सुचवावे. निदान करणे हे ताईंचे काम नव्हे.

शिक्षेच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण केली किंवा विनाकारण शारीरिक-मानसिक क्लेश दिला, तर तो गुन्हा आहे. पण आपल्यासाठी प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. मन, वचन आणि काया या तिन्हींनी कोणाला दुखवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘तू असाच आहेस’, ‘तुझ्यामुळे सगळे बिघडते’ ही वाक्ये वचनाची हिंसाच होत. पाणी गाळून पिण्याची काळजी घेणाऱ्या घरात मुलाशी बोललेला शब्दही गाळून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

पालकांसाठी दोन शब्द. केंद्रातून मुलाला नेताना दारातच ताईंना ‘आज याने काय केले?’ असे विचारू नका. मुलाच्या देखत त्याची तक्रार ऐकू नका. ठरलेल्या वेळी या. घरी पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली नमूद केले आहे. साडेअकरापर्यंत जागलेले मूल दुसऱ्या दुपारी केंद्रात शांत राहील, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही.

विश्वस्तांना माझी सूचना अशी की, देणगीतून रंगीत खुर्च्या कमी घ्या, पण ताईंना योग्य वेतन द्या. वारंवार बदलणाऱ्या माणसांच्या हाताखाली मुले स्थिर होत नाहीत. तीस मुलांसाठी किमान तीन ताई असाव्यात, आणि आठवड्यातून एक तास त्यांनी मुलांशिवाय एकत्र बसून वही वाचावी. ‘तीन तक्रारी आल्यास प्रवेश रद्द’ या कलमाच्या जागी असे लिहावे : ‘तीन तक्रारी आल्यास ताई, पालक आणि एक विश्वस्त एकत्र बसून नोंदी वाचतील, उपाय ठरवतील आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बसतील.’ एखाद्या मुलाची व्यवस्था आपल्याकडे खरोखरच होऊ शकत नाही असे तेव्हा दिसले, तर त्याच्यासाठी दुसरी योग्य जागा शोधून देणे हीदेखील आपलीच जबाबदारी मानावी.

केंद्र सुरू झाल्यावर ते चांगले चालले आहे की नाही, हे पाहण्यास पाहुणे येतील, तेव्हा मुले ओळीने बसून नमस्कार करतील. त्यावर जाऊ नका. एखाद्या दिवशी ताई क्षणभर आत गेल्या असताना, पडदा किंचित बाजूला करून पाहा. त्या वेळी मुले एकमेकांशी जशी वागत असतील, तेवढेच आपण त्यांना शिकविलेले असेल.